चादरीखालचा रोल

माझ्या मेहुण्याचा शेवटचा रोल रिळावर चढवताना, कपाळावरचा घाम पुसायला मी उजवा हात चादरीबाहेर काढला.

झालं ते एवढंच. पण ज्यांनी असे रोल घरी धुतले नाहीत त्यांना वाटेल, हात काढला तर काय बिघडलं... म्हणून सांगतो. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचा रोल म्हणजे काळ्या कागदाबरोबर गुंडाळलेली रुंद फिल्म, बारा चौकोनी फोटोंची. ती गडद अंधारात, नुसत्या बोटांनी कागदापासून सोडवायची, प्लास्टिकच्या रिळाच्या खाचांत सरकवायची, रीळ टाकीत ठेवून झाकण घट्ट करायचं, आणि मगच उजेडात येऊन टाकीत रसायन ओतायचं. मधेच तिरीप आत आली की संपलं. या कामासाठी दोन बाह्यांची काळी पिशवी मिळते. माझे मेहुणे मल्लिनाथअण्णा तिला हात लावत नसत. चादरीच्या कारखान्यात नक्षी आखण्यात त्यांची उमर गेली होती. सोलापुरात राहून अंधार विकत घ्यायचा म्हणजे त्यांना बाटल्यासारखं वाटे. खोलीच्या खिडक्या लावायच्या, कॉटवर दोन जाड चादरी, एकीची नक्षी उभी तर दुसरीची आडवी, कडा गादीखाली खोचलेल्या, आणि आत कोपरापर्यंत हात. रोल टाकीत गेल्याशिवाय हात बाहेर येत नसत, मग दारात पाव्हणा येवो की साप येवो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. हा लेख मागणाऱ्या पुरवणीच्या संपादकांनीही फोनवर तेच सुचवलं. मी त्यांना म्हटलं, मग दुसरा माणूस बघा. अण्णा मला आवडत नव्हते, मी त्यांना आवडत नव्हतो, आणि हे नातं आम्ही दोघांनी तीसेक वर्षं नेकीनं सांभाळलं. ते गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. महानंदा, म्हणजे माझी बायको, त्यांची धाकटी बहीण, उठून फोन घ्यायला गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा होद." गेला. या माणसांमधे राहून मला जे थोडं कन्नड समजायला लागलं, त्यात हे दोन शब्द होते. मी हातातला घास खाली ठेवला. दुःख झालं का? खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं, आता मला वेड्यात कोण काढणार...

कारण ते काम त्यांनी पहिल्या दिवसापासून अंगावर घेतलेलं होतं. मी बार्शीचा. घरात मराठी, कन्नड म्हटलं की माझी बोबडी वळते. मुलगी बघायला वळसंगला त्यांच्या घरी गेलो, तर अण्णांनी माझ्याशी हात मिळवला, तो धोतराला पुसला, आणि बहिणीकडे वळून कन्नडात काहीतरी म्हणाले. सगळं घर हसलं. मीही हसलो, मोठ्यांदा, सगळ्यांत शेवटी. लग्नानंतर कित्येक वर्षांनी महानंदानं त्याचा अर्थ सांगितला: याच्या हातात दिलेलं सगळं निसटेल. त्यांनी बहिणीसाठी विजापूरकडचं स्थळ धरून ठेवलं होतं, आणि तिनं मला पसंत केलं. हे त्यांनी तिला माफ केलं नाही, आणि मला तर नाहीच नाही.

तरी मी त्यांच्याकडे रोल धुवायला शिकायला गेलो, ही माझी हौस. शहरातल्या त्यांच्या घरात, मागच्या खोलीत, हायपो या रसायनाचा आंबूस वास असायचा. अण्णा चादरीखाली हात घालून छताकडे बघत बसायचे, देवाला आठवतोय असा चेहरा करून. फिल्म खाचेत नीट जात असली की बारीक सरसर ऐकू येते. वाकडी गेली की कर्र. माझ्या हाताखाली कर्र झालं की ते दुसऱ्या खोलीतून "साकु" म्हणायचे. पुरे. मी ओढतच राहायचो, आणि मुडपलेल्या फिल्मवर नखाएवढे चंद्र उमटायचे. एकदा तर मी कहर केला. कागद आणि फिल्म वेगळी केली, मोठ्या काळजीनं कागद रिळावर चढवला, फिल्म कचरा समजून बाजूला सारली, आणि चादरी उचलून विजयी मुद्रेनं कागद धुवायला घेतला. रीतसर, घड्याळ लावून, टाकी हलवत. अण्णा बाजूला उभे होते. त्यांना पहिल्या क्षणी कळलं होतं. तरी त्यांनी धुऊ दिलं. धुऊन झाल्यावर त्यांनी तो ओला कागद घेतला, दोरीला चिमटा लावून टांगला, आणि पुढं आल्यागेल्याला दाखवत राहिले, "आमच्या दाजींचं काम. बघा, नंबर किती स्पष्ट आलेत." कागदाच्या पाठीवर कंपनीनं छापलेले एक ते बारा आकडे. दाजी हा शब्द इतका तिखट म्हणता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण मी त्यांचा राग करत होतो तो यासाठी नव्हे. माझी थट्टा मी स्वतःच त्यांच्यापेक्षा बरी करतो. राग होता तो महानंदाच्या फोटोचा. या माणसानं साऱ्या गावाचे फोटो काढले; जत्रेतले पैलवान, मागावरचे विणकर, शेजाऱ्यांच्या शेळ्यासुद्धा. लग्न झाल्यापासून बहिणीचा एक काढला नाही. तिनं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, एकटीचा काढीन, जोडीचा नाही. ती म्हणाली, काढायचा तर जोडीचा. दोघं एकाच आईची लेकरं. कुणी मागं हटलं नाही. दर पंचमीला ती माहेरपणाला जायची, भिंतीवरच्या शेळ्या बघून यायची, आणि मी न्यायला गेलो की रिक्षात माझ्याशी बोलायची नाही. मी म्हणायचो, अगं बस की एकटी, मला काय फोटोची हौस आहे? तर म्हणायची, तुमचा प्रश्नच नाही. खरंच नव्हता. मी फक्त निमित्त होतो, आणि निमित्ताला कुणी विचारत नाही.

यंदाच्या पंचमीला मी सोबत गेलो होतो. पुरणाची दिंडं झाली, वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, आग्रहानं वाढली, आणि मी गच्चीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत टेकलो. पुढचं मला महानंदानं रिक्षात सांगितलं. अण्णा कॅमेरा गळ्यात घालून स्वयंपाकघरात आले, फार खोकत होते, आणि नुसतं "बस" म्हणाले. ती बसली. जोडीचा की एकटीचा, दोघांनीही विषय काढला नाही. खिडकीपाशी, झोपाळ्यावर, पुन्हा खिडकीपाशी... जवळजवळ सगळा रोल त्यांनी तिच्यावर घातला. ते सांगताना ती रिक्षाच्या आवाजात ओरडून बोलत होती आणि रडत होती. तो रोल धुवायच्या आत अण्णा गेले. दिवस झाल्यावर वहिनींनी कॅमेऱ्यातून काढून तो तिच्या हातात ठेवला.

आता सोलापुरात असे रोल कुणी धुवत नाही. महानंदानं ठरवलं, पुण्याला पाठवायचा, आणि मला बजावलं, हात लावायचा नाही. अण्णांची टाकी, रिळं, बाटल्या मात्र वहिनींनी माझ्याकडेच दिल्या होत्या. आता मला कुणी सांगावं की तीस वर्षांचा अपमान डोळ्यांसमोर टाकी होऊन बसलेला असताना शहाण्या माणसानं काय करायचं... शहाण्यानं काय करायचं ते मला माहीत नाही. मी महानंदा नवी पेठेत बाजाराला गेल्याबरोबर खिडक्या लावल्या, कॉटवर चादरी घातल्या, उभी नक्षी, आडवी नक्षी. भर ऑक्टोबरचं ऊन, बंद खोली, पंखा लावला तर चादर उडणार. आणि फिल्म चढत होती. सरसर, सरसर. मी मनात अण्णांना म्हणत होतो, ऐका. ऐका आता. तेवढ्यात घाम डोळ्यात उतरला.

लगेच हात परत आत घातला, जणू उजेडानं पाहिलंच नाही. टाकी बंद केली, धुतलं, काढलं. पट्टी काळीकुट्ट, डांबरासारखी. रोलची एक गंमत असते: शेवटी काढलेला फोटो उलगडताना आधी हाताला लागतो आणि रिळाच्या पोटात सगळ्यांत आत जाऊन बसतो. बाहेरच्या वेढ्यांनी उजेड झेलला. आतली एक चौकट कडेनं करपली होती, पण वाचली होती. ती मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर धरली, दुसऱ्या मोबाईलनं काळ्याचं पांढरं करून बघितली. वेताच्या खुर्चीत एक माणूस. मान मागं, तोंड सताड उघडं, सदऱ्यावर पुरण सांडलेलं. गच्चीचा उजेड एका गालावर असा हलका आलेला, की त्यासाठी काढणाऱ्याला बराच वेळ वाकून उभं राहावं लागलं असणार. खोकला दाबून, कारण मला जाग आली नव्हती. माझा इतका चांगला फोटो कुणी कधी काढलेला नाही. लग्नातलाही नाही. मला अण्णांचा असा संताप आला की मोरीतल्या मोरीत मी त्यांना शिव्या दिल्या... कुठल्या हिशेबानं काढला हा? माझ्याशी भांडण मिटवायचं होतं तर जागं करायचं होतं.

महानंदा पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. मोरीत टाकी, दोरीला काळी पट्टी, आणि मी. मी तिला वेढ्यांचं शास्त्र समजावून सांगायला लागलो, उजेड कुठून आला, काय बाहेर होतं, काय आत. तिनं पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. पट्टीचं टोक हातात धरून ती वरपासून खालपर्यंत बघत आली, एकेका काळ्या चौकटीपाशी थांबत, आणि शेवटच्या चौकटीपाशी जरा जास्त थांबली. मग म्हणाली,

"माझे सगळे घालवलात, आणि स्वतःचा तेवढा वाचवलात की."