हळद लागलेलं लायसन्स

सर गेल्याचा फोन वसंताने मुंबईहून केला, तोही मी काम करतो त्या अंबडच्या कारखान्यात, शेजारी प्रेस धडधडत असताना. "दाणीसर गेले रे," तो ओरडून म्हणाला. मी "बरं" म्हणालो. वसंता आणि मी एकाच वर्षी दाणीसरांकडे विमान उडवायला शिकलो. तो पुढे कॅप्टन झाला, मी शिफ्ट सुपरवायझर. "तू पेपरात लिहितोस अधूनमधून, सरांवर चार शब्द लिही," असा त्याचा आग्रह. ते चांगलेच असणार हे त्याने धरूनच चाललं होतं. गेल्या महिनाभरात सरांविषयी इतकं गोड छापून आलंय की मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते पटलं. माझ्या वाट्याला त्या म्हशीची शिंगंच आली होती.

उडवण्यात माणूस अव्वल होता, ते मी नाकारत नाही. आडव्या वाऱ्यात ते विमान असं टेकवायचे की शेजारी बसलेल्याला कळायचं नाही. पण जमिनीवर उतरले की त्यांना खाली दाबायला कोणीतरी लागायचं. आमच्याकडे रीत अशी होती, की वरचं लायसन्स आलं की खालचं परत द्यायचं. ते दिल्लीला जाऊन रद्द व्हायचं, कारण वरच्यात खालचं सामावलेलंच असतं. मला खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळालं तेव्हा सरांनी आधी डावा हात पुढे केला, माझं विद्यार्थ्याचं लायसन्स घेतलं, उघडून फोटो पाहिला, हसले आणि मग उजव्या हाताने नवं दिलं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आबा अस्वस्थ झाले. आमची मखमलाबादकडे फुलशेती, झेंडू आणि शेवंती पंचवटीच्या बाजारात जायची. "जुनं कशापायी घेत्यात?" त्यांनी विचारलं. "नवा उतारा काढला म्हणून जुना कोणी माघारी मागतं का? उद्या पाय घसरला तर उभं कुठं ऱ्हायचं?" मी हसलो होतो.

आणीबाणीचे दिवस होते. शिष्यवृत्तीवर शिकत होतो आणि व्यावसायिक लायसन्सची परीक्षा तोंडावर होती. ते मिळालं की नोकरी, नाही मिळालं की झेंडूच्या पाट्या... दसऱ्याला आबांनी अवजारं मांडली. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, आणि मधोमध पाटावर माझं लायसन्स. पोराचं हत्यार म्हणजे तेच. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, तसं त्यालाही, अगदी माझ्या फोटोच्या कपाळावर. हळद ओली होती, ती सरकारी शिक्क्यापर्यंत ओघळली. पुढच्या आठवड्यात परीक्षेचा अर्ज घेऊन सरांकडे गेलो. तो पुढे पाठवणं त्यांच्या हातात, आणि सोबत लायसन्स जोडावं लागायचं. सरांनी ते दोन बोटांनी उचललं आणि अख्ख्या वर्गासमोर धरलं. "हे काय? याची पूजा केली? उद्या विमानाला मुंडावळ्या बांधशील." वर्ग खदाखदा हसला. वसंताही हसला, त्याला आता आठवत नसेल. मग सर शांतपणे म्हणाले, "असलं खराब लायसन्स जोडून मी अर्ज पाठवणार नाही. आधी दिल्लीहून दुसरी प्रत मागव."

प्रत आली तोवर परीक्षा होऊन गेली होती, शिष्यवृत्तीची मुदतही संपली होती. हातात उरलं ते स्वतःच्या खर्चाने विमान उडवायचं लायसन्स. आम्ही स्वतःच्या खर्चाने रिक्षातही बसत नव्हतो. मी घरी खरं कारण सांगितलं नव्हतं, पण भेटायला आलेल्या वसंताने भाबडेपणाने सगळं आबांना सांगितलं. पुढच्या दसऱ्यापासून आबांनी कशालाच हळद लावली नाही. आई लावायची, आबा गोठ्याशी उभे राहायचे. एकदाच म्हणाले, "माझ्या हातानं तुझं वाटोळं झालं." मी नाही नाही म्हणत राहिलो, पण मलाही ते तसंच वाटत होतं ना...

गेल्या उन्हाळ्यात वसंताने मला ओढतच सरांच्या गंगापूर रोडच्या घरी नेलं. सर अंथरुणाला खिळले होते. माझं नाव सांगितलं, ओळख पटेना. "हळदवाला," वसंता म्हणाला, आणि सरांचा चेहरा उजळला. "मुंडावळ्या!" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. हसता हसता ते म्हणाले, "गंमत म्हणजे त्या डागाने काही बिघडत नव्हतं. वरचं लायसन्स मिळालं की ते रद्दच व्हायचं होतं." मी विचारलं, "मग सर, अर्ज अडवला का?" "अरे, तुम्हा लोकांना शिस्त लागावी म्हणून." तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा माणूस आजारी होता म्हणून मी उठून बाहेर आलो. वसंता मागून चहा घेऊन जा म्हणत होता.

त्याच संध्याकाळी आबांना सांगितलं. ते अंगणात गजऱ्याचा दोरा गुंडाळत होते. "म्हंजे हळदीनं काय नाय झालं?"

"काही नाही, आबा. त्या माणसाने केलं."

"एवढी वर्सं..." ते म्हणाले आणि दोरा गुंडाळत राहिले. मला वाटलं, सुटले आबा.

मग दसरा आला. माझी स्कूटर धुतली, आमच्याच झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकवाची वाटी आबांपुढे धरली. म्हटलं, यंदा तुम्ही लावा. त्यांनी बोट हळदीत बुडवलं, हात स्कूटरच्या दिव्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. मी वाट पाहिली. सगळं कळलेलं असूनही तो हात पुढे जाईना.

वसंता, तुला सरांची आठवण लिहून हवी होती. आमच्या घरात ती अशी आहे.

"नको," आबा म्हणाले. "तूच लाव. तुला रोज कामावर जायचं अस्तं तिच्यावर." आणि बोटाची हळद धोतराला पुसून ते आत गेले.