घरात कुणीतरी पायजे

आमच्या सिनेमातली भुताची बाहुली पहिल्यांदा बघितल्यावर माणसं काय करतात, याची मला एव्हाना सवय झाली होती. माझी जाऊ किंचाळली होती. रंगांच्या दुकानातल्या माणसानं 'आधी हे काउंटरवरून उचला' म्हणून सांगितलं होतं. इंदूआक्कानं मात्र आम्हाला अंगणातच थांबवलं, लगबगीनं आत गेली आणि एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बाहुली माझ्या कडेवर होती. आक्कानं तिच्यावरून तो तुकडा तीनदा ओवाळला, तिच्या डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं आणि तुकडा लांब उसाच्या सरीत भिरकावला.

"कुणाची दिष्ट लागली गं पोरीला?" ती म्हणाली. "तोंड बघा की कसं झालंय. या आता आत."

ते तोंड तसं व्हावं म्हणून मी आणि सागरनं जिवाचं रान केलं होतं. सांगलीच्या बाजारातून आणलेली ती साधी प्लॅस्टिकची बाहुली, आडवी केली की डोळे मिटणारी. आम्ही तिच्या गालांवर तडे रंगवले, एका डोळ्याच्या पापण्या उपटल्या, केस जागोजागी जाळले. एवढ्या मेहनतीनं उभं केलेलं भूत पाहुणी होऊन पुढं गेलं आणि आम्ही दोघं बॅगा उचलून तिच्या मागून. सागर माझ्याबरोबर लग्नांचं शूटिंग करतो, त्याला गप्प बसवत नाही. तो म्हणाला, "आक्का, आमच्यावरनं न्हाई ओवाळलं?"

"तुमी मागल्या आठवड्यात घर बघून गेलाय की. ही पयल्यांदा आलीया. आन् तुमाला कोण दिष्ट लावतंय!"

सांगलीत मी लग्नांचे व्हिडिओ जुळवायचं काम करते. वर्षानुवर्षं नवरीची रडणारी आई आणि हार घालताना उचललेला नवरा बघून माझं डोकं पिकलं होतं. एकदा तरी आपल्या मनासारखं काहीतरी करायचं, म्हणून पंधरा मिनिटांचा भयपट काढायला घेतला. गोष्ट काही फार डोकं चालवून लिहिली नव्हती. एकटी म्हातारी, तिच्या घरात कुठूनतरी आलेली बाहुली, रोज जागा बदलणारी. शेवटी म्हातारी बाहेरून येते, दार उघडते, समोर बाहुली बसलेली असते, आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर सिनेमा संपतो. सगळी भिस्त त्या एका चेहऱ्यावर होती.

घर सागरनं शोधलं. कडेगावपासून आत, उसाच्या रानात एकटंच उभं. ऊस वाढला की रस्त्यावरून कौलंसुद्धा दिसत नसत. म्हातारीचं काम करायला सांगलीच्या नाटकातल्या एक बाई येणार होत्या, पण त्यांनी तिथला रस्ता बघितला आणि आल्या पावली परत फिरल्या. मी डोक्याला हात लावून बसले होते. चहा देता देता आक्का म्हणाली, "म्हातारीच पायजे ना? मग मी काय तरणी हाय व्हय?"

आक्काचा नवरा फौजेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक हणमंत, तोही फौजेत, बायकापोरांसह पार आसामकडं. तो आईला तिकडं बोलवून दमला होता. आक्काचं उत्तर ठरलेलं असायचं. "त्यो सुट्टीवर आला आन् दाराला कुलूप बघितलं तर? घरात कुणीतरी पायजे."

हे तिचं पालुपद. लांबून आलेल्या माणसाला भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनीच रीत. आता सांगलीत कुणी फारसं करत नाही. आक्काच्या लेखी मात्र तो नियम फौजेतल्या नियमाइतका कडक होता. वाटेत काय काय अंगाला लागून येतं, ते उंबऱ्याबाहेरच टाकायचं असतं. हणमंताबद्दल ती सांगायची, "बंदूक चालवतोय गडी, पर दारात लेकरागत हुबा ऱ्हातो. मी तुकडा टाकल्याबिगर पाऊल उचलायचा न्हाई. एकदा मी गोठ्यात होते, तर उन्हात बॅग घिऊन तसाच हुबा."

मी सहज विचारलं, "आणि आक्का, तू बाहेरून आलीस की तुझ्यावरून कोण टाकतं?"

आक्का तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "स्वताच्या हातनं स्वतावरनं टाकायचा नसतो गं. चालत न्हाई ते." आणि विषय बदलून तिनं सागरला गूळ-शेंगा दिल्या. घरातला टीव्ही दिवसभर चालू असायचा. ती तो बघत नसे, नुसता बोलत ठेवायची. बाजारातून आली की दारातूनच 'आले गंऽ' म्हणून हाळी द्यायची. सवयच तशी, ती म्हणायची. मला त्या हाळीचं फार वाईट वाटायचं, कारण त्यानंतर घरातून नुसता टीव्हीच ऐकू यायचा.

शूटिंग आम्ही दिवसाच करायचो. खिडक्यांवर घोंगडी टांगली की आत झाली रात्र. आक्का सांगू ते करायची, उलट दोनदा विचारून करायची. एकच गोष्ट तिला जमत नव्हती, ती म्हणजे भिणं. बाहुली कणगीवर बसलेली दिसली की तिनं दचकायचं होतं. ती म्हणायची, "अगं, पडशील की!" बाहुली अंथरुणात सापडली की ओरडायचं होतं. तिनं वर पांघरूण घातलं. बाहुलीचं नाव आम्ही लिली ठेवलं होतं. ते तिला मुळीच पटलं नाही. "त्यापरीस लीला बरं," म्हणाली, आणि त्या दिवसापासून सागरसुद्धा लीलाच म्हणायला लागला.

मी तिला समजावून सांगितलं. "आक्का, तू घरात एकटी आहेस. कुणी नसताना ही आपोआप चालत आलीय. भुताटकी आहे ही. भीती नाही वाटणार?"

आक्कानं खरोखर विचार केला. "आली तर आली की," ती म्हणाली. "तेवढीच सोबत."



शेवटचा प्रसंग राहिला. आक्कानं बाजाराची पिशवी घेऊन यायचं, कडी काढायची, दार ढकलायचं, समोर खुर्चीत लीला. किती वेळा केलं, पण दर वेळी दार उघडलं की आक्काचं तोंड खुलायचं. एकदा तर चक्क म्हणाली, "बसलीस व्हय वाट बघत?" मी वैतागले. सागर म्हणाला की हातांच्या घामानं बाहुलीच्या गालाचा रंग उतरलाय, नवा हात मारून उन्हात वाळवून आणतो. तो मागच्या दारानं तिला घेऊन गेला. कॅमेरा खुर्चीमागं तिवईवर तसाच चालू राहिला होता, ते आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. मी परसात पाणी पीत होते. आक्काला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. अंगणात तिला वाटलं, अजून चाललंच आहे. तिनं पिशवी उचलली, कडी काढली आणि दार ढकललं.

खुर्ची रिकामी होती. घरात कुणीच नव्हतं. टीव्हीही आम्हीच बंद केलेला.

संध्याकाळी सांगलीत मी आणि सागरनं ते चित्रण बघितलं. हसू घेऊन आत आलेला तो चेहरा बघता बघता विझला. डोळे खोलीभर फिरले, कोपऱ्यात गेले, परत खुर्चीवर आले. हातातली पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. असली भीती मी कुठल्याच भयपटात बघितली नव्हती. आम्ही तो चेहरा घेतला आणि त्याला लागून बाहुलीचं चित्र जोडलं, की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीनं बाहुली बघितली.

तो सिनेमा साताऱ्याला एका स्पर्धेत दाखवायचं ठरलं. आक्का आलीच पाहिजे, असा मी हट्ट धरला. आणि दाराशी बाहुली मांडायची, हेही मी मनात पक्कं केलेलं. येणारे-जाणारे तिच्याबरोबर फोटो काढतील, तेवढीच जाहिरात. शूटिंग संपल्यापासून लीला आक्काकडंच होती. न्यायला गेलो तर आक्का नवं लुगडं नेसून तयार, पण लीलाला हात लावू देईना.

"ती न्हाई यायची."

"अगं आक्का, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"मग मीबी न्हाई येत. दोघी गेलो तर घरात कोण? घरात कुणीतरी पायजे."

सागरनं मला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे. मी मुकाट्यानं गाडीत बसले. जाहिरात राहिली.

साताऱ्याच्या सभागृहात आक्का पहिल्या रांगेत बसली. बाहुली पडद्यावर आली की ती पदराआड हसायची आणि शेजारच्या बाईंना सांगायची, "आमची लीला." शेवटी दार उघडलं, तो चेहरा दिसला आणि मागून पोरी किंचाळल्या. टाळ्या झाल्या. आक्का मात्र पडद्याकडं बघतच बसली होती. दिवे लागल्यावर तिनं माझा हात धरला.

"तितं लीला न्हवतीच की गं," ती म्हणाली. "असती तर मी कशाला भ्याले असते? पर मी भ्याले ते एवढ्या लोकास्नी कसं कळलं?"

 याचं उत्तर मला आता सुचतं, पण आता काय उपयोग. बक्षीस आम्हाला मिळालं नाही, ते दुसऱ्याच कुणाच्या विनोदी सिनेमाला गेलं. त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

परत येईतो दिवस कलला होता. आक्कानं कुलूप काढलं आणि 'आले गंऽ' म्हणाली. दारासमोरच्या खुर्चीत लीला बसली होती. तिच्या प्लॅस्टिकच्या मुठीत भाकरीचा तुकडा खोचलेला, पायाशी पाण्याचा तांब्या. आक्कानं बाहेर उभं राहूनच हात लांब करून लीलाला उचललं, तिचा तो इवलासा हात धरला आणि स्वतःभोवती तीनदा फिरवला. तुकडा काढून रानात टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि सुखानं उंबरा ओलांडला. आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर जरा लाजली.

"तिच्याच हातनं हाय बरं का," ती म्हणाली. "मी आपली नुसती मदत करते. निघताना तुकडा द्यायचा, आलं की तिनं टाकायचा."

 बाहुली परत मागायचा विचार मी तिथंच सोडला.

गेल्या हिवाळ्यात आक्काला साध्या तापाचं निमित्त झालं. शेजारच्या रानातली शालन तिला सांगलीला दवाखान्यात घेऊन आली. ती मला सांगत होती, "ताई, चालवत न्हवतं तिला. तरी गाडी थांबीवली. भाकरीचा तुकडा लीलाच्या हातात दिला, तांब्या भरला, मगच बसली." मी आक्काला भेटले तेव्हा ती ग्लानीत होती. दुसऱ्या दिवशी गेली. ऊसतोडीच्या ट्रॉल्यांनी रानातली वाट पार उखडली होती, म्हणून तिला गावातल्या दिराच्या घरीच नेलं. आसामातून हणमंत पोचायच्या आत माती झाली. पुतण्यानं अग्नी दिला.

तो येणार त्या दिवशी मी भेटायला गेले होते. दिरांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "तुमी आन् शालन फुडं व्हा, घर जरा झाडून घ्या. पोरगं आधी तितंच जाणार." आम्ही दार उघडलं. लीला दाराकडं तोंड करून बसली होती. मुठीतली भाकरी वाळून खडखडीत झाली होती. तांब्यातल्या पाण्यावर धूळ होती. शालन केरसुणी टाकून लीलासमोर बसली. मला रडू आवरलं नाही.

थोड्या वेळानं हणमंत आला. उंच, रापलेला, खांद्यावर हिरवी पिशवी. उंबऱ्याशी आला आणि थांबला. शालन म्हणाली, "ये की रं आत." तो हलला नाही. मान खाली घालून तसाच उन्हात उभा राहिला. आपण कशासाठी थांबलोय हे बहुधा त्याला तेव्हा कळतही नव्हतं.

मी लीलाला कडेवर घेतलं. शालन हळूच म्हणाली, "आवं ताई, सुतक हाय." मलाही ते ठाऊक होतं. पण तीच उठली, तांब्या विसळला आणि भरून आणला. मी लीलाचा हात धरून तो वाळका तुकडा हणमंतावरून तीनदा ओवाळला आणि उसाच्या सरीकडं फेकला. डोळ्यांना पाणी लावायला गेले, तर ते आधीच ओले होते. त्यानं बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि रिकाम्या घरात म्हणाला, "आलो गं आये."

दिवसकार्य झाल्यावर तो परत निघाला, तेव्हा मी पुन्हा गेले होते. सामान गाडीत चढलं. तो म्हणाला, "ताई, ही बाहुली तुमची न्हवं?"

मी म्हटलं, "माझी नाही. आक्काची."

त्यानं मान हलवली. शालनकडून चतकोर भाकरी मागून घेतली. लीलाच्या मुठीत तुकडा नीट बसवला, सुटतोय का ते दोनदा बघितलं, आणि दाराला कुलूप लावलं.