डाग न धरणारी भिंत

हुडकेश्वरच्या आमच्या शेजाऱ्याचं नाव मी घेत नाही, घेतलं तर शिवी निघेल. त्याला नॅनोचं वेड आहे. गाडीला, चपलेला, सोफ्याला, सगळ्याला तो नॅनोचा लेप मारतो. कण म्हणे इतके बारीक की वर काही टिकतच नाही. पाहुणा आला की मुद्दाम सोफ्यावर चहा सांडतो. "पाहा भाऊ, काही चिकटलं का?"

मागच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. सासरी निघताना त्यांच्या रीतीप्रमाणे तिनं ओल्या हळदीचे दोन्ही हात दाराशेजारच्या भिंतीवर उमटवले. तिची गाडी गल्लीतून वळलीही नव्हती, तोच यानं फडकं घेऊन सगळ्यांसमोर ते हात पुसले. "एका फटक्यात साफ! नॅनो पेंट आहे!"

"अहो, पोरीचे हात होते ते!" मी ओरडलोच.

"रागावता काहून भाऊ? भिंतीले काहीच नाही झालं," वरून माझीच समजूत घालतो!

त्याच्या बायकोनं त्याच्या हातातलं पिवळं फडकं ओढून घेतलं, नीट घडी घातली आणि देवघरात नेऊन ठेवलं.