अंगठे मोकळे

साटम मास्तर प्रत्येकाला 'मेल्या' म्हणत. शाळेतल्या पोरांना, स्टेशनवरच्या हमालाला, एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही म्हणून गेले आणि मग बराच वेळ नुसते खोकत राहिले. त्यांच्या मालवणकडे हा शब्द लाडाचा. आमच्या चिंचवडगावात मात्र तो ऐकला की समोरचा बाह्या सरसावायचा. कवायत शिकवायला आलेले मास्तर या एका शब्दापायी पहिल्याच महिन्यात गावभर माहीत झाले.

मी तेव्हा गाडीने पुण्याला कॉलेजात जायचो आणि कॉलेजतर्फे अर्ध्या मैलाची शर्यत पळायचो. पवनेच्या काठाने एकटा पळताना मला वाऱ्यानेही गाठलं नसतं. मैदानावर चुन्याची रेघ दिसली की मात्र हात गार पडायचे. एका शर्यतीत मी पिस्तुलाच्या आवाजाआधीच सुटलो आणि बाद झालो. पुढच्या वेळी आवाज झाला, सगळे गेले आणि मी रेघेवर तसाच उभा. कॉलेजच्या सरांनी बजावलं, "आणखी एकदा असं झालं तर संघातून नाव काढीन." पळणं सोडलं तर मला दुसरं काही धड येत नव्हतं, त्यामुळे त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

मास्तर संध्याकाळी नदीवर फिरायला यायचे. एकदा मी काठावर डोकं धरून बसलेला दिसलो, तर शेजारी येऊन बसले. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"मी तर रेघेवरून सरळ घरी गेलो होतो," ते म्हणाले. "आईने विचारलं, नंबर आला का? म्हटलं, भूक लागली."

"मग?"

"मग काय मेल्या, जेवलो. पण पुन्हा कधी पळलो नाही. तुझं तसं होता कामा नये."

दुसऱ्या दिवसापासून ते मला काठावरच्या हिरवळीवर आसनं करायला लावू लागले. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर त्यांचा भर. "सोड. घ्यायची काळजी तू करू नको, तो आपला आपण येतो," म्हणायचे. यामागचं शास्त्र विचारलं तर म्हणत, "ते मला नाही ठाऊक. मला एवढंच ठाऊक, की हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही." शेवटी शवासन. मी डोळे मिटून पडायचो आणि ते शेजारी बसून गुणगुणायचे, मालवणीत, बहुधा स्वतःशीच.

एका संध्याकाळी आई धुण्याची बादली घेऊन नदीवर आली. बघते तो पोरगा आडवा, निपचित, आणि उशाशी मास्तर म्हणतायत, "शाबास मेल्या, असंच शवासन."

आईने बादली खाली ठेवली. "मास्तर, जितं पोर हाय माजं. त्येला मेल्या म्हनायचं, वर मढं करून निजवायचं? आमी तुमचं काय वाईट केलंय?"

मी धडपडून उठलो. मास्तर हात जोडून उभे राहिले. मग एकदम म्हणाले, "आई, गेलेल्या माणसाच्या पायाचे अंगठे बांधतात ना? याचे बघा." त्यांनी मला पुन्हा आडवं केलं आणि पाय लांब लांब ठेवले. "मोकळे आहेत. अंगठे मोकळे ते आसन. मढं नव्हे."

आईने वाकून माझे पाय नीट बघितले. "मंग ऱ्हाऊ द्या मोकळं," म्हणाली आणि धुणं धुवायला बसली. पण त्या दिवसापासून ती रोज काही ना काही काम काढून नदीवर येई आणि लांबून माझे पाय बघून जाई. मास्तरांनीही एक नेमच करून टाकला. मी आडवा झालो की विचारायचे, "अंगठे?" मी म्हणायचो, "मोकळे." मगच डोळे मिटायचे.

पुढच्या शर्यतीला ते शाळेची रजा टाकून आले. मांडवामागे मला त्यांनी गवतावर निजवलं. दुसऱ्या कॉलेजची मुलं फिदीफिदी हसली. "याला उचला रे कुणीतरी." मास्तर वाकले.

"अंगठे?"

"मोकळे."

"मग भिया नको."

रेघेवर भीती होतीच. हात गारच होते. पण मी श्वास सोडला, आणि आवाज झाल्यावर सगळ्यांबरोबर सुटलो. तिसरा आलो. संघातलं नाव राहिलं. घरी आईने दारातच विचारलं, "नंबर आला का?" माझ्याआधी मास्तरच मागून म्हणाले, "आला. आणि भूकही लागली." त्या दिवशी ते आमच्याकडे पोटभर जेवले. मला वाटतं, त्यांची ती जुनी शर्यतही त्या पंगतीत संपली.

कॉलेज सुटल्यावर मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागलो. त्याच वर्षी एका दुपारी शिफ्ट करून आलो, तर आई उंबऱ्यातच उभी. तशीच मला मास्तरांच्या बिऱ्हाडी घेऊन गेली. सकाळी शाळेला निघताना मास्तरांच्या छातीत कळ आली, आणि तेवढ्यात सगळं आटोपलं होतं. त्यांना जमिनीवर निजवलं होतं. चेहरा रोजचाच. माझी नजर पायांकडे गेली. अंगठे पांढऱ्या दोऱ्याने बांधले होते.

मी खाली वाकलो. काय करणार होतो, मला आजही सांगता येत नाही. आईने माझा दंड धरला आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "पाय झाका त्येंचं. माज्या पोराला बघवंना." मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "लई मोकळा मानूस व्हता."

नदीकाठची ती हिरवळ आता नाही. मी घरातच चटई टाकतो, श्वास सोडतो, तो आपला आपण येतो. पाय लांब ठेवतो. डोळे मात्र लगेच मिटत नाही. या गावात मला मेल्या म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, हे ठाऊक असूनही थोडा वेळ थांबतो, कुणी विचारतंय का म्हणून. मग माझं मीच म्हणतो, मोकळे.