विटेवरची खुर्ची

माणसाची ऐपत आणि त्याचं प्रेम, दोन्ही त्याच्या खुर्चीवरून ओळखता येतात असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस देवासात होऊन गेला, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. मी आतोबा म्हणायचो म्हणून कारखान्याची सगळी वसाहत त्यांना आतोबाच म्हणे. कारखान्यातली नोकरी पोटापुरती. जीव सगळा गणपतीतल्या नाटकाच्या नेपथ्यात. मंडळाकडे पडदा होता, सामान नव्हतं. त्यामुळे नाटकातली घरं वसाहतीतल्या घरांतून उचलून आणावी लागत. श्रावण लागला की आतोबा घरोघर चहाला जात. चहा निवायचा, यांची नजर फर्निचरवर. "वहिनी, तुमचं कपाट श्रीमंताकडे!" म्हणाले की त्या बाईचे पाय वर्षभर जमिनीला लागत नसत. "हे स्टूल गरिबाकडे" म्हणाले, की त्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं आत्याला बंद!

प्रेमाचंही त्यांचं शास्त्र होतं. "पहिल्या अंकात नायक-नायिकेच्या खुर्च्यांमधून बैलगाडी जावी. तिसऱ्यात मांजरही जाता कामा नये. मग ते प्रेमाचे संवाद कापून टाका, कुणाला कळणार नाही." नायिका झालेल्या बाई कुरकुरत, "अहो आतोबा, रोज तालमीला माझी खुर्ची शोधत फिरावं लागतं हो!"

त्या वर्षीचं नाटक गिरणीमालकाच्या मुलीचं आणि गरीब मास्तराच्या मुलाचं. माझ्याकडे पडदा ओढायचं काम होतं. माझ्या अभिनयाची ऐपतही आतोबांनी वेळीच ओळखली होती. त्याच सुमारास धारच्या एका मुलीशी माझं ठरत आलं होतं. मांडूच्या सहलीत ती दिसली, तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. तिचे वडील जुन्या संस्थानी अंमलदारांच्या घराण्यातले. ते नाटक बघून दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येणार आणि होकार की नकार ते सांगणार. अशा वेळी आतोबांनी आमची एकुलती एक हातांची खुर्ची उचलली आणि थेट मास्तराच्या खोलीत मांडली! तिचा एक पाय आखूड, घरी त्याखाली वीट असे. आतोबांनी वीटसुद्धा आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"आतोबा, उद्या ते हीच खुर्ची आमच्या घरी बघतील. माझं लग्न मोडेल!"

"अरे शहाण्या, श्रीमंताकडे नुसती खुर्ची दिसते. गरिबाकडे कुणीतरी मायेनं सरकवलेली वीट दिसते. तेच प्रेम."

मला प्रेम नको होतं, होकार हवा होता. पहिला अंक विटेसकट पार पडला. मध्यंतरात मी खुर्ची गिरणीमालकाच्या दिवाणखान्यात नेली, वर आत्याची शाल पांघरली आणि वीट विंगेत लपवली.

पडदा उघडला. गिरणीमालक झालेले आमचे धिप्पाड हेडक्लार्क "आमच्या घराण्याची पायरी—" असं गरजत खुर्चीवर बसले आणि शालीसकट आडवे झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, ईंट तो लगाओ!" पाठोपाठ आमच्या मातोश्री, "अगंबाई, ही तर आपली खुर्ची!"

मी दोर सोडून पळणार, तोच आतोबा मी लपवलेली वीट घेऊन सावकाश रंगमंचावर आले. मालकाला उठवलं, पायाखाली वीट सरकवली, खुर्ची हलवून पाहिली, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी धारचे पाहुणे आमच्याकडे आले. त्याच खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी वाकून खाली पाहिलं. "आहे ना जागेवर? बरं झालं. आमचा दिवाणखान्यातला पलंगही संस्थान गेल्यापासून विटांवरच आहे. मुलीला सवय आहे हो." होकार झाला! आतोबा मात्र कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांचा दुसरा अंक नासवला होता.

ते आत्याशी कधी दोन गोड शब्द बोललेले मी ऐकले नाहीत. "चहा झाला का?" आणि "नळ आला का?" एवढेच त्यांचे संवाद. आता आतोबा नाहीत. मागे एकदा देवासला गेलो, तेव्हा आत्या व्हरांड्यात केर काढत होती. दोन्ही वेताच्या खुर्च्या तिने उचलल्या, जागा झाडली, पुन्हा मांडल्या. मग जरा मागे सरून पाहिलं, आणि त्यांची खुर्ची आपल्या खुर्चीला टेकेपर्यंत सरकवली. मधून मांजरही गेलं नसतं.