बोरन्हाणातले ऑलिव्ह

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा सांडेल. आमच्या व्याह्यांकडे लहान मुलांना ऑलिव्हनं न्हाऊ घालतात. ही प्रथा मी सुरू केली. मी, म्हणजे सुरतेत जन्मभर मराठी शाळेत शिकवलेला माणूस!

आमची सून हेतल गुजराती. नातवाचं बोरन्हाण उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी ठरलं. मुलाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतायचा आणि बाकीच्या पोरांनी तो वेचून खायचा, हे विहीणबाई हंसाबेन पहिल्यांदाच बघणार होत्या. त्यांच्याकडचं सगळंच दणक्यात असतं. आपलंही काहीतरी त्यांना आवडावं, एवढीच माझी इच्छा होती.

बायकोनं, सुमननं, माझ्याकडे एकच काम दिलं होतं, बोरं आणायचं. ती मी आदल्या दिवशीच आणली. पण सकाळी पतंग बघायला गच्चीवर जाताना, चार तोंडात टाकावीत म्हणून पिशवी सोबत नेली. वर आमची सगळी नवागाम वस्ती जमलेली. घ्या हो, घ्या, करत वाटत सुटलो. खाली आलो तेव्हा किडकी तेवढी उरली होती. बाजार बंद, कारण त्या दिवशी सुरतेत दुकानदारही गच्चीवरच असतो.

फ्रीज उघडला, तर मुलानं पिझ्झ्यासाठी आणलेली ऑलिव्हची बरणी समोर. हिरवी, गोल, बियांसकट. लांबून कोण ओळखणार? खारं पाणी धुऊन टाकलं, पंच्यानं पुसली आणि चुरमुऱ्यांत मिसळली.

ओतेपर्यंत सगळं छान चाललं. मग शेजारच्या मुलीनं एक तोंडात टाकलं आणि थू करून बाहेर काढलं. हंसाबेननी एक उचलून निरखलं.

"आ तो ऑलिव छे," त्या म्हणाल्या.

सुमन माझ्याकडे बघत होती. तेव्हाच खरं सांगून टाकायला काय हरकत होती? पण मास्तरकी नडली. घसा खाकरून मी सुरू झालो. जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्याच तेलानं बाळाला मालिश करतात, कातडी मऊ राहते, केसांना चांगलं, पोटाला चांगलं. मग अख्खं फळच अंगावरून गेलं तर केवढा गुण! आमच्या खानदेशात पूर्वीपासून असंच करतात, हेही ठोकून दिलं. खानदेशात ऑलिव्ह पाहिलंय कुणी? हंसाबेन मात्र भक्तिभावानं ऐकत होत्या.

मला वाटलं, विषय संपला. यंदा हेतलच्या भाचीचं बोरन्हाण निघालं आणि मला खास बोलावणं आलं. जाऊन बघतो तर परातभर ऑलिव्ह.

तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. किती हौसेनं त्यांनी आपली गोष्ट घरात घेतली होती, आणि मी ती चुकीची दिली होती. कदाचित सगळ्याच प्रथा अशा सुरू होत असतील. कुणीतरी काही विसरतो, दुसरा ते श्रद्धेनं उचलतो. तरी या पोरांच्या वाट्याला बोरं यायला हवीत, असं फार वाटलं. धावत जाऊन कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या लारीवरून बोरं घेऊन आलो. हंसाबेनना बाजूला घेतलं आणि सगळं कबूल केलं. गच्ची, फ्रीज, बरणी, सगळं.

त्या समजुतीनं हसल्या. त्यांना वाटलं, मी त्यांचा खर्च वाचवतोय.

"ना वेवाई, खर्चनी चिंता ना करो. तमारा रिवाजमां आपणाथी भेळसेळ ना थाय."

माझ्याच रिवाजात भेसळ नको म्हणून मी बोरांची पिशवी पाठीमागे लपवली आणि ऑलिव्हची पहिली ओंजळ उचलली.