नारायणमामांचं कढत पाणी

माणूस जातो, पण त्याची ऊब मागे राहते. नारायणमामांच्या शोकसभेत एका पुढाऱ्याने हे वाक्य डोळे मिटून म्हटलं. मामांचं नाव मात्र त्याला डोळे उघडून चिठ्ठीत बघावं लागलं. तरी वाक्य खरं निघालं, त्याच्या नकळत.

मामा लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. कळमनुरीत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. रोज पहाटे न्हाणीतल्या पाइपावर तळवा ठेवून ते नाडी बघावी तसे उभे राहायचे. पाइप तापला की म्हणायचे, "आलं." मग कमलमामींना हाक. मामींना संधिवात, कढत पाण्यात बुडवल्याशिवाय त्यांची बोटं उघडत नसत.

त्यामुळे पाणी कशावर तापवायचं हा त्या घरातला मोठा वाद. गच्चीवरचं सोलर जुनं, बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार धरलेला. पुण्याचा मुलगा सुहास म्हणे, हीट पंप बसवा, ढगाळ दिवसांतही चालतो. मामा भडकायचे. "हवेतून गरमी ओढतो म्हणे. हिवाळ्यात हवेत गरमी कुठून आली रे? माणसाच्या अंगातली काढून घेतो का?" आणि शेवटी ठेवणीतलं, "जिंदगीभर मीच लोकायला लाइट दिली. मला तिचा भरवसा न्हाई."

गेल्या पावसाळ्यात ऊन नसतानाही त्यांच्या नळाला वाफाळतं पाणी येई. "माझ्या सोलरला ढगातूनबी दिसते," मामा चौकात सांगायचे.

दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. आठ दिवसांपासून आभाळ गच्च होतं, भुरभुर चालू होती. मयताच्या अंघोळीचं पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. अंगणात तीन दगड मांडले, पण ओली लाकडं पेटेनात. शेवटी गार तर गार म्हणून कोणीतरी न्हाणीतला नळ सोडला. बादलीतून वाफ वर आली. बायकांचं रडणं मध्येच थांबलं.

पुढे रोज तेच. पहाटे भिंतीपलीकडून मामींचा आवाज यायचा, "आलात का?" आणि वरून, गच्चीवरून, कोणी तोंड मिटून पुटपुटावं तशी हलकी घरघर.

तेराव्यानंतर सुहासने आईची बॅग भरली.

"आई, हिवाळ्यात इथं तुझं कोण करील?"

"काहून? हे रोज पाणी तापवून राहिले. त्यायला सोडून मी कशी येऊ?"

सुहासने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी गच्चीचा जिना चढताना मी जरा मोठ्यानेच खाकरलो.

सोलरच्या टाकीला हात लावला. गार. नळ्या क्षाराने पांढऱ्या, दोन फुटलेल्या. वळलो तोच पोटऱ्यांना थंड श्वास लागला, त्या सकाळच्या हवेपेक्षाही थंड. टाकीमागे ताडपत्रीखाली काहीतरी होतं. ताडपत्री फुगत होती, बसत होती. मी काठीने ती उचलली.

हीट पंप होता, टायमर लावलेला. हवेतली गरमी पाण्याला देऊन गार वारा बाहेर टाकत होता. त्याचा पाइप गुपचूप सोलरच्या पाइपाला जोडलेला. प्लास्टिकच्या पिशवीत कागद. बसवल्याची तारीख, मामी बहिणीच्या गावी, डोंगरकड्याला गेल्या होत्या त्या आठवड्यातली.

खाली येऊन सांगितलं. "म्हातारा मला फोनवर शिव्या देत होता की!" सुहास हसायला लागला, आणि मग त्याला तोंड फिरवावं लागलं.

मामींनी बोटं एकदा मिटून उघडून पाहिली. "त्याची वेळ कोणी लावली?"

"मामांनीच. पहाटे चार."

"मंग तेच तापवून राहिले की," त्या म्हणाल्या, आणि बॅगेतली लुगडी एकेक करून बाहेर काढायला लागल्या.

कागद मी सुहासकडे दिले. वॉरंटी पाच वर्षांची आहे.